हिच लावण्याआधी दाराचं स्टिकर वाचा

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात आणि मिनीव्हॅनची तिसरी रांग उघडते. एरवी त्या रांगेच्या जागी सगळ्या बॅगा मावतात. आता तिथे माणसं बसलेली असतात, आणि नायगाराला किंवा यलोस्टोनला जायचं म्हटलं की कूलर, स्ट्रोलर, बाबांची खुर्ची आणि पोळ्यांचे डबे ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. कुणाकडे मुलांच्या सायकली असतात. कुणी गावातल्या ढोल-ताशा पथकात असतं, आणि गणपतीच्या मिरवणुकीला आठ ढोल कसे न्यायचे, याचा घोर त्याच्या डोक्याला असतो. मग कुणीतरी सांगतं, ‘‘मागे हिच लावून घे की!’’

सल्ला चुकीचा नाही. हिच म्हणजे ट्रेलर किंवा रॅक जोडण्यासाठी गाडीच्या मागे खालून बसवायचा लोखंडी सांगाडा. अमेरिकेत तो लावणं हे मोठं काम मानलं जात नाही. पैसेही फार लागत नाहीत. हिच साधारण दीडशे ते साडेतीनशे डॉलरला मिळतो, दुसऱ्याकडून बसवून घेतला तर आणखी तेवढेच. मात्र बहुतेक जण सुरुवात हिचच्या खोक्यावरच्या आकड्यापासून करतात. सुरुवात करायची ती ड्रायव्हरच्या दारापासून.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर दिसेल. टायरमधल्या हवेचा दाब त्याच्यावरच लिहिलेला असतो. वरच्या बाजूला एक वाक्य असतं. त्याचा अर्थ असा, की माणसं आणि सामान मिळून या गाडीत इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही घालू नका. हा आकडा तुमच्या गाडीचा आहे. शेजाऱ्याकडे हेच मॉडेल असलं तरी त्याचा आकडा वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, ऑल व्हील ड्राइव्ह, मागच्या सीटवरचा व्हिडिओचा पडदा या सगळ्यांचं वजन कंपनीने त्यातून आधीच वजा केलेलं असतं. एरवी या आकड्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. हिच लावायचा असेल तर सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच.

आता वहीत उतरवा. समजा स्टिकरवर १,३५० पौंड लिहिलंय. आजोबा १६५, आजी १४०, नवरा १८०, बायको १४०, मोठी मुलगी ११०, धाकटा ७०. झाले ८०५. आतल्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, खाण्याचं सामान धरून १५० म्हणा. एकूण ९५५, शिल्लक ३९५. त्यातून हिचचं स्वतःचं वजन, ४० पौंडांच्या आसपास, वजा करा, कारण तो गाडीबरोबर आलेला नाही. हातात उरले ३५५. या हिचवर ५५ पौंडांचा लोखंडी ट्रे लावला तर त्यात ३०० पौंड सामान ठेवताच गाडी भरली. म्हणजे मागचा ट्रे ५०० पौंडांचा आहे असं जाहिरातीत म्हटलं असलं, तरी तुमच्या घरच्या सहा जणांसकट तो ५०० पौंडांचा नाही.

ट्रेलर जोडायचा असेल तर गणित थोडं वेगळं. ट्रेलरचं वजन बहुतांशी त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण पुढचा दांडा हिचच्या गोळ्यावर टेकलेला असतो आणि खाली दाबत असतो. हा दाब ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, आणि तो पूर्णपणे तुमच्या स्टिकरवरच्या आकड्यातून जातो. ३,५०० पौंडांचा ट्रेलर असेल तर हा दाब किमान ३५० पौंड झाला. वरच्या हिशोबात शिल्लक ३५५ होते. पाच पौंडांवर आपण काठावर उभे! दाब १२ टक्के धरला की ४२० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. गाडीचं इंजिन कुरकुर न करता ओढेल. ते ओढतंय म्हणून सगळं ठीक आहे, असा गैरसमज मात्र नको.

आणखी एक गोष्ट या हिशोबात दिसत नाही. हिच मागच्या चाकांच्याही मागे असतो. टोयोटा सिएनाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १२० इंच आहे. मागचा ट्रे मागच्या आसापासून सरासरी ६० इंचांवर लटकतो. ट्रे आणि सामान मिळून ३५० पौंड असेल, तर मागच्या चाकांवर ३५० नव्हे, ५२५ पौंड भार येतो, आणि पुढची चाकं १७५ पौंडांनी हलकी होतात. शाळेतल्या तरफेचंच हे गणित. मिनीव्हॅन बहुतेक वेळा पुढच्या चाकांवर चालते, वळतेही पुढच्याच चाकांवर, आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच चाकं उचलतात. पावसात ती हलकी झालेली चालणार नाहीत. स्टिकरशेजारच्या दुसऱ्या पट्टीवर पुढच्या-मागच्या आसाची कमाल मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. लांबच्या प्रवासाआधी भरलेली गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन मागचा आस तपासता येतो. महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवर असे काटे असतात आणि थोड्या डॉलरात वजनाची चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीसारखा खरा सल्लागार नाही.

गाडी किती ओढू शकते

मिनीव्हॅन साधारण ३,५०० पौंड ओढतात असं सगळे सांगतात. ते ढोबळ अर्थाने बरोबर आहे. टोयोटा सिएनाचा आकडा जुन्या व्ही-६ गाड्यांनाही तोच होता आणि २०२१ पासूनच्या हायब्रिड गाड्यांनाही तोच आहे. किया कार्निवलच्या पेट्रोल व्ही-६ ला तोच आहे. क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल गाडीला ३,६०० पौंड, पण कारखान्यातूनच ट्रेलर ओढण्याचं पॅकेज घातलेलं असेल तरच. पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडला कंपनीने ट्रेलर ओढायची परवानगीच दिलेली नाही. तिला हिच विकणारे सापडतील, आणि सायकलींच्या रॅकपुरता तो वापरताही येईल, पण ट्रेलर जोडायचा नाही. होंडा ओडिसीच्या मॅन्युअलमध्ये एक कोष्टक असतं. त्यात गाडीत जितकी माणसं जास्त, तितकी ओढण्याची मर्यादा खाली येते. हे कोष्टक बनवणाऱ्याने आपल्यासारखं कुटुंबच डोळ्यासमोर ठेवलं असावं.

म्हणून मॅन्युअलमधलं ट्रेलरचं प्रकरण वाचा. कंटाळवाणं असतं, पण दहाच पानांचं असतं. जुन्या व्ही-६ गाडीला गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर लागतो का, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक किती वजनापासून हवेत, हे तिथेच कळतं. ब्रेकच्या बाबतीत कंपनी आणि राज्याचा कायदा या दोघांत जो कडक असेल तो पाळायचा. कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच ब्रेक लागतात. बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे. गाड्यांची मॅन्युअलं कधीकधी १,००० पौंडांवरच ब्रेक मागतात.

सव्वा इंच की दोन इंच

हिचचे वर्ग असतात. मिनीव्हॅनशी संबंध येतो तो पहिल्या तीन वर्गांचा. पहिल्या वर्गाच्या हिचला सव्वा इंची चौकोनी नळी असते, तो २,००० पौंड ओढतो आणि गोळ्यावरचा दाब २०० पौंड सोसतो. दुसऱ्या वर्गालाही सव्वा इंची नळी, पण ३,५०० आणि ३५०. तिसऱ्या वर्गाला दोन इंची नळी, आणि आकडे गाडीगणिक बदलत पाच हजारांच्याही वर जातात.

दुकानात गेलात तर विक्रेता तिसऱ्या वर्गाचा हिच काढून ‘‘हा सहा हजार ओढतो’’ असं कौतुकाने सांगेल. ओढत असेल. तुमची गाडी नाही ओढत. हिचवरचा आकडा हा त्या लोखंडाचा असतो. गाडी, हिच, गोळ्याचा दांडा, गोळा, पिन आणि ट्रेलरची पकड यांतला सगळ्यात लहान आकडा जो असेल, तोच तुमचा.

तरीही मी म्हणेन, दोन इंचीच घ्या. कारण ताकद नव्हे, सोय. चार सायकलींचे आणि ई-बाइकचे चांगले रॅक बहुतेक दोन इंचीच मिळतात. सव्वा इंचाच्या नळीत दोन इंचाचा अडॅप्टर घालून चालवता येतं, पण त्याने रॅक आणखी मागे सरकतो, खडखडाट वाढतो, आणि हिचला लांबवणाऱ्या जोडाने त्याची ताकद निम्मी धरायची असते. ई-बाइकचं वजन पन्नास ते सत्तर पौंड भरतं. दोन ई-बाइक आणि रॅक मिळून पावणेदोनशे पौंड सहज होतात. त्यात रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हादरे धरले तर पहिल्या वर्गाच्या हिचची मर्यादा अगदी जवळ येते. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवायची, हा साधा नियम पाळला तर थोडं वजनही उतरतं आणि पावसापासून ती वाचते.

दोन इंची हिचची एक खोड आहे. तो खाली लोंबतो. उतरत्या ड्राइव्हवेतून रस्त्यावर येताना मागून घासल्याचा आवाज येईल, आणि गॅरेजमध्ये अंधारात चालताना नडगीला बसेल. हे ज्यांना खपत नाही त्यांच्यासाठी बंपरच्या मागे लपणारे हिच निघाले आहेत. दिसायला छान. पण त्यासाठी बंपर उतरवावा लागतो, आतलं प्लॅस्टिक कापावं लागतं, आणि खर्च दुप्पट-अडीचपट होतो. ज्यांची गाडी नवीन आहे आणि रॅक वर्षातून चार महिनेच लावायचा आहे, त्यांनी त्याचा विचार करावा. सात वर्षं वापरलेल्या गाडीला तो लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मागच्या दाराची काळजी वेगळी. पायाने हवेत लाथ मारली की दार उघडणारी गाडी असेल, तर तो सेन्सर बंपरखाली कुठे आहे ते आधी पाहा, हिच त्याच्या आड यायला नको. सायकलींचा रॅक मागे झुकणाराच घ्या. नाहीतर भर रस्त्यात एका पाण्याच्या बाटलीसाठी चार सायकली उतरवाव्या लागतील. रॅक लावलेला असताना मागे घेताना सेन्सर सतत ओरडत राहतात, ते तात्पुरते बंद करायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. आणि नंबरप्लेट झाकली जात असेल तर बऱ्याच राज्यांत पोलीस थांबवू शकतात.

एक प्रामाणिक प्रश्नही विचारून पाहा. वर्षातून दोनदाच सामान जास्त होत असेल, तर हिचची गरज आहे का? छतावरची पेटी भाड्याने मिळते. तिची मर्यादा छतानुसार दीडशे पौंडांच्या आसपास असते, म्हणजे कपडे, अंथरुणं, डायपर अशा हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंना ती पुरते. पार्किंगच्या इमारतीत शिरताना छताची उंची आठवली पाहिजे, एवढंच. पथकाच्या ढोलांसाठी मात्र बंद ट्रेलरसारखी सोय नाही. ढोल जागा खूप घेतात, वजन त्या मानाने कमी, आणि भाड्याचा पाच बाय आठ फुटी बंद ट्रेलर रिकामा सुमारे ९०० पौंडांचा असतो. दोघांची बेरीज मिनीव्हॅनच्या आवाक्यात सहज बसते.

स्वतः बसवायचा असेल तर

हिच बसवायला साधारण एक दुपार लागते, आणि दोन माणसं. दुसरा माणूस नसेल तर सुरू करू नका. चाळीस पौंडांचं लोखंड छातीवर पेलून, झोपलेल्या अवस्थेत, त्याच वेळी बोल्ट धरता येत नाही.

विशिष्ट गाडीसाठी बनवलेला हिच घेतला तर नव्याने भोकं पाडावी लागत नाहीत, आणि वेल्डिंग तर अजिबातच नाही. घेताना वर्ष आणि ट्रिम तपासा. एकाच नावाच्या गाडीची चौकट पिढी बदलली की बदलते, २०२० ची सिएना आणि २०२१ ची सिएना या खालून दोन वेगळ्या गाड्या आहेत. खोक्यात कागद असतो. तो गाडीखाली जाण्याआधी पूर्ण वाचून घ्या, कारण काही गाड्यांमध्ये हिच वर उचलण्याआधीच एक बोल्ट आत सरकवावा लागतो.

गाडी सपाट सिमेंटवर उभी करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. जॅकने उचलायची असेल तर जॅकस्टँडवर टेकवूनच खाली जा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही, कितीही थोड्या वेळासाठी, गाडीखाली जाऊ नये.

बहुतेक मिनीव्हॅनमध्ये सायलेन्सर आड येतो. तो उतरवावा लागत नाही, नुसता खाली सोडावा लागतो. तो ज्या रबरी कड्यांनी लटकलेला असतो, त्यांच्यावर साबणाचं पाणी फवारा आणि कडी दांड्यावरून पानाने ढकला. खाली एक ठोकळा किंवा दुसरा जॅक ठेवून सायलेन्सर त्यावर विसावू द्या, नाहीतर पुढच्या सांध्यावर त्याचा सगळा ताण येतो. कधीकधी सायलेन्सरच्या वरचा पातळ पत्रा थोडा कापावा लागतो. कागदावर तसं लिहिलं असेल तरच कापा.

आता चौकटीतली भोकं. काही भोकांना आतून कारखान्यातच नट वेल्ड केलेला असतो, काहींना नसतो. वेल्ड केलेले नट हीच या कामातली खरी डोकेदुखी, विशेषतः मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी अशा हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या राज्यांत. गंजलेल्या आट्यांत नवा बोल्ट जबरदस्तीने फिरवला की तो अर्ध्यात अडकतो, आणि नट आतच सुटून फिरू लागला तर गाडी मेकॅनिककडे न्यावीच लागते. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक भोकात गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी तारेच्या लहान ब्रशने आटे घासा. मग त्याच मापाचा बोल्ट हाताने, पाना न लावता, आत-बाहेर फिरवून पाहा. हाताने जात नसेल तर आटे साफ करणारा टॅप फिरवा. तोही जात नसेल तर तिथेच थांबा. बोल्ट बसवण्याआधी भोकातलं तेल चिंधीने पुसून घ्या, कारण कागदावरचा टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने बोल्ट जास्त ताणला जातो.

ज्या भोकांना आत नट नसतो, तिथे चौकटीच्या पोकळ दांड्यातून बोल्ट आणावा लागतो. त्यासाठी खोक्यात एक वळणदार तार येते, तिचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. हिच जिथे बसायचा त्या भोकातून तार आत ढकला, ती चौकटीच्या मोठ्या भोकातून बाहेर काढा. आधी जाड चौकोनी वॉशर तारेत ओवा, मग बोल्टचं टोक तारेच्या गुंडाळीत फिरवून बसवा, आणि पायजम्यात नाडी ओवताना ओढतो तशी तार हळूहळू मागे ओढा. बोल्ट आतल्या आत वळतो, अडतो, एकदा खडखडतो, आणि आटे खाली डोकावतात. तार काढायची घाई करू नका. हिच वर चढवून नट लावायची वेळ येईपर्यंत तार बोल्टलाच असू द्या. नाहीतर बोल्ट पुन्हा दांड्यात पडतो आणि चुंबक घेऊन शोधत बसावं लागतं.

हिच एका माणसाने उचलून धरायचा, दुसऱ्याने प्रत्येक बाजूला एकेक नट हाताने लावायचा. सगळे बोल्ट हाताने लागल्यावर हिच मध्यभागी आहे ना ते टेपने मोजा, आणि मगच टॉर्क रेंच हातात घ्या. इथे अंदाजपंचे चालत नाही. ‘‘पुरेसा घट्ट’’ हा टॉर्क नसतो. कागदावर फूट-पाउंडात जो आकडा दिला असेल तोच लावा, आणि एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक असे आळीपाळीने आवळा. पहिल्या लांबच्या फेरीनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

इतकं सगळं वाचून नको वाटत असेल तर बसवून घ्या. यू-हॉलसारख्या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या साखळ्या हिचही बसवतात, आणि अनेक छोटी गॅरेजेसही. काम झाल्यावर एकच गोष्ट विचारा: किती टॉर्क लावला? आकडा सांगता आला तर ठीक. वॉरंटीची भीती मात्र फार बाळगू नका. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार नुसता बाहेरचा हिच लावला म्हणून कंपनी गाडीची सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही, त्या हिचमुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. भाडेपट्ट्यावर घेतलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी करार वाचा.

वायरिंगकडे दुर्लक्ष नको

सायकलींच्या रॅकला वायरिंग लागत नाही. ट्रेलरला लागतंच, कारण गाडीचे मागचे दिवे त्याने झाकले जातात. साध्या ट्रेलरला चार तारांचा सपाट कनेक्टर पुरतो. पांढरी तार जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या वळणाची आणि ब्रेकची.

ट्रेलरला ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर चालतात, तर तुमच्या गाडीत ते बहुधा वेगवेगळे असतात. म्हणून मध्ये एक छोटा डबा, कन्व्हर्टर, लागतो. तुमच्या गाडीसाठीच बनवलेला, मागच्या दिव्यांच्या प्लगमध्ये जाऊन बसणारा संच घ्या. तारा सोलून जोडण्याचा स्वस्त मार्ग आजच्या गाड्यांना करू नका. बॅटरीतून थेट वीज घेणारा कन्व्हर्टर असेल, तर फ्यूज सगळ्यात शेवटी लावा. हायब्रिड गाडीत बारा व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली नसून दुसरीकडेच असू शकते, ती आधी शोधा. गाडीखाली जाड नारिंगी केबल दिसल्या तर त्यांना हातही लावू नका. त्या उच्च दाबाच्या असतात.

डावा इंडिकेटर लावला आणि ट्रेलरचे सगळे दिवे मंद लुकलुकू लागले, तर नवीन कन्व्हर्टर मागवण्याआधी पांढरी तार पाहा. ती रंगावर किंवा गंजावर स्क्रू केलेली असते. तिथला रंग घासून उघडा पत्रा केला की दहापैकी आठ वेळा काम होतं.

जोडताना आणि चालवताना

गोळ्याचं माप ट्रेलरच्या पकडीवर कोरलेलं असतं, बहुधा १ ७/८ किंवा दोन इंच. मोठ्या पकडीत लहान गोळा बसलेला दिसतो, लागलेला वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो. पकड लावल्यावर ट्रेलरच्या जॅकने दांडा वर उचलून पाहा. गाडीचा मागचा भाग बरोबर वर आला तर पकड खरंच लागली आहे. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या न्या. पकड सुटलीच तर दांडा त्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. दोन इंची नळीला पाऊण इंचाच्या आतली, नेमकी ५/८ इंची पिन लागते, सव्वा इंचीला अर्धा इंची.

ट्रेलर भरताना ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवा. मागे जड झाला की तो उलाळ होतो, गोळ्यावरचा दाब घटतो, आणि साठच्या वेगाला ट्रेलर मागे डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो. हे झोके सुरू झाले तर ब्रेक मारायचा नाही आणि उलट स्टिअरिंगही करायचं नाही. चाक सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, झोके आपोआप विरतात. मग पहिल्या बाहेर पडण्याच्या रस्त्याला थांबा आणि सामान पुढे सरकवा. यू-हॉलने आपल्या ट्रेलरसाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा सांगितली आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या सगळ्यांनाच ती कायद्याने आहे. डाव्या लेनमध्ये जाऊ नका. ब्रेक लागायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.

मागे घेणं मोकळ्या जागेत शिकून घ्या, रविवारी सकाळी शाळेचं पार्किंग रिकामं असतं. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा, आणि ट्रेलरचा मागचा भाग जिकडे न्यायचा तिकडे हात न्या. छोटा ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा लवकर मुडपतो, म्हणून अगदी थोडं फिरवा, थांबा, पाहा, पुन्हा थोडं. मुडपायला लागला तर हट्टाने दुरुस्त करत बसू नका, पुढे जाऊन सरळ करून घ्या. आणि कुणाला तरी बाहेर उभं करा. आपल्याकडे हे काम करणारा माणूस ट्रेलरच्या बरोबर मागे उभा राहून ‘‘येऊ दे, येऊ दे’’ ओरडतो, आणि ड्रायव्हरला तो दिसतही नाही, ऐकूही येत नाही. त्याला ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात पूर्ण दिसेल असा उभा करा, काचा खाली घ्या, रेडिओ बंद करा. तो आरशातून नाहीसा झाला की तिथल्या तिथे थांबायचं.